एक तिकीट, आठ मुक्काम!

बालमित्रांनो, एक पेन्सिल घ्या आणि महाराष्ट्राचा नकाशा समोर पसरा. रेल्वेचे रूळ दाखवणारा नकाशा असेल तर उत्तमच. आता त्यात यवतमाळ जिल्हा शोधा. उत्तरेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. सापडला?

आता जिल्ह्याच्या भोवतालचे रूळ पेन्सिलीनं गिरवा. धामणगाव, पुलगाव, वर्धा हा झाला उत्तरेचा मार्ग. वर्ध्याहून खाली वळा. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशा. तिथून तेलंगणात उतरा, काझीपेट आणि सिकंदराबाद गाठा. सिकंदराबादहून निजामाबादमार्गे वर नांदेडला या. मग पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला. अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत पुन्हा धामणगाव!

काय दिसलं? पेन्सिल न उचलता तुम्ही एक मोठं कडं काढलंत, आणि यवतमाळ जिल्हा त्या कड्याच्या पोटात आहे. रेल्वेनं आपल्या जिल्ह्याला जणू प्रदक्षिणाच घातली आहे. नेर, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, घाटंजी इथली मुलं गाडीत बसायचं म्हटलं की आधी एसटीनं जिल्ह्याबाहेर जातात. हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

पण गंमत अशी, की हेच कडं आपल्या कामाचं आहे. कारण रेल्वेकडे एक खास तिकीट मिळतं आणि त्याला असंच कडं लागतं. त्याचं नाव चक्राकार प्रवास तिकीट. इंग्रजीत ‘सर्क्युलर जर्नी तिकीट’. हे तिकीट आहे हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसतं, बरं का!

शकुंतला: गेलेली गाडी परत त्याच वाटेनं

तिकिटाकडे वळण्याआधी आपल्या जुन्या मैत्रिणीला भेटू या. तिचं नाव शकुंतला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या एका खासगी कंपनीनं वऱ्हाडात छोटे रूळ टाकले. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर सुमारे ११३ किलोमीटर. वऱ्हाडचा पांढराशुभ्र कापूस मूर्तिजापूरला न्यायचा, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई बंदरात आणि पुढे जहाजानं थेट इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरण्यांत, हा त्या कंपनीचा हेतू. माणसं बसली ती नंतर!

हे रूळ किती छोटे? मोठ्या गाडीच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे साडेपाच फूट. शकुंतलेच्या रुळांमध्ये होतं ७६२ मिलिमीटर, म्हणजे फक्त अडीच फूट. पट्टी घेऊन जमिनीवर मोजून पाहा, म्हणजे गाडी केवढीशी होती ते कळेल. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला जोडलेलं होतं. १९२३ ते १९९४ एवढी वर्षं ते भकभक करत राबलं. एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेलचं इंजिन आलं. आता यवतमाळची शकुंतला धावत नाही. आजी-आजोबांना मात्र तिच्या गोष्टी जरूर विचारा.

शकुंतलेची एक अडचण होती. ती यवतमाळला येऊन थांबायची. पुढे रूळच नव्हते. गेलेल्या वाटेनंच परत यायचं. म्हणजे रेघ होती, कडं नव्हतं. फेरी मारायची तर कडं हवं.

काय आहे हे तिकीट?

साधं तिकीट कसं असतं? धामणगाव ते भोपाळ. बसलो, उतरलो, संपलं. पुढे झांशीला जायचं तर दुसरं तिकीट. आग्र्याला जायचं तर तिसरं. लांबच्या साध्या तिकिटावर मध्ये उतरायची सवलत आहे, पण थोडी. प्रवास ५०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर एकदा आणि १००० पेक्षा जास्त असेल तर दोनदा, तेही दोन-दोन दिवसांसाठीच.

चक्राकार तिकीट वेगळं आहे. जिथून निघालात तिथेच फेरी संपवायची. मधल्या वाटेवर जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं, राहता येतं, हिंडता येतं. कोणती गावं घ्यायची, कोणत्या क्रमानं, कुठे एक रात्र आणि कुठे तीन, हे सगळं तुम्ही ठरवायचं. शिंपी तुमच्या मापाचा सदरा शिवतो ना? तशी ही तुमच्या मापाची सहल!

तिकीट किती दिवस चालतं, याचा हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल.

प्रवासाचे दिवस: दर ४०० किलोमीटरला १ दिवस.
मुक्कामाचे दिवस: दर २०० किलोमीटरला १ दिवस.
उरलेले किलोमीटर कमी असले तरी पूर्ण एक दिवस धरतात.

आपलं यवतमाळभोवतीचं कडं घेऊ. सगळी फेरी सुमारे १२०० किलोमीटरची होते. १२०० भागिले ४०० म्हणजे ३. १२०० भागिले २०० म्हणजे ६. दोन्ही मिळून ९ दिवस. दिवाळीच्या सुट्टीत आरामात बसणारी फेरी!

स्वस्त कसं पडतं?

आता खरी मेख. भाजीबाजारात पावशेर वांगी घेतली तर एक भाव आणि पाच किलो घेतली तर दुसरा. रेल्वेचंही तसंच आहे. प्रवास जितका लांब, तितका दर किलोमीटरचा भाव कमी होत जातो. म्हणून छोटी छोटी नऊ तिकिटं काढली तर प्रत्येक वेळी चढा भाव लागतो.

चक्राकार तिकिटात रेल्वे काय करते? संपूर्ण फेरीचं अंतर मोजते, त्याचे दोन सारखे भाग करते आणि दोन लांबच्या तिकिटांचे पैसे घेते. ३००० किलोमीटरची फेरी असेल तर १५०० किलोमीटरची दोन तिकिटं.

एक गणित करू. यातले भाव समजण्यापुरते, मनातले आहेत, हं! समजा पहिल्या ५०० किलोमीटरला दर किलोमीटरला १ रुपया, पुढच्या ५०० ला ७५ पैसे आणि त्यापुढे ५० पैसे. फेरी ३००० किलोमीटरची, टप्पे नऊ, आणि प्रत्येक टप्पा ५०० च्या आतला. तर सुटी तिकिटं होतील ३००० रुपयांची.

आता १५०० किलोमीटरचं एक तिकीट पाहा. पहिल्या ५०० चे ५०० रुपये, पुढच्या ५०० चे ३७५ आणि उरलेल्या ५०० चे २५०. एकूण ११२५. अशी दोन, म्हणजे २२५० रुपये. एका माणसामागे ७५० रुपये वाचले! घरात चार माणसं असतील तर किती? गुणाकार तुम्ही करा.

खरे दर वेगळे असतात आणि वर्गानुसार बदलतात. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण शुल्क आणि अतिजलद गाडीचा जादा आकार निराळा द्यावा लागतो. राजधानी, वंदे भारत अशा गाड्यांचं भाडं दुसऱ्याच हिशोबानं ठरतं. म्हणून आखणी करताना साध्या मेल-एक्सप्रेस गाड्याच धरा.

पहिली फेरी: जिल्ह्याला प्रदक्षिणा

चला, आता प्रत्यक्ष फेरी आखू. आधी छोटी.

धामणगावहून निघालो. यवतमाळहून धामणगाव पन्नासएक किलोमीटर, एसटी मिळते. गाडी सुटली की थोड्याच वेळात पुलगावजवळ वर्धा नदीचा पूल येतो. ही नदी लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे. वर्ध्याजवळ सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. त्यांची कुटी पाहिली की घर किती कमी सामानात चालतं ते कळतं. पुढे वरोरा लागतं. बाबा आमट्यांचं आनंदवन इथलंच.

मुक्काम पहिला, चंद्रपूर. गोंड राजांच्या किल्ल्याचा तट शहराभोवती आजही उभा आहे. ताडोबाचं जंगलही इथून जवळ. वाघ दिसेलच असं नाही, पण जंगल नक्की दिसेल.

बल्लारशा सोडलं की वर्धा नदी पुन्हा ओलांडायची. पण आता केवढी मोठी झालेली! कारण मधल्या वाटेत आपली पैनगंगा तिला येऊन मिळालेली असते. इथून फलाटावरच्या पाट्यांची लिपी बदलते. गोल गोल अक्षरं दिसू लागली की समजा तेलुगू आली. स्टेशनच्या पाटीवर गावाचं एकच नाव तीन लिप्यांत असतं. ती पाटी म्हणजे नवी लिपी शिकायचं फुकटचं पुस्तक! आणखी एक गोष्ट त्या पाटीवर असते: त्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची. प्रत्येक स्टेशनची उंची वहीत टिपा आणि घरी आल्यावर आलेख काढा. भूगोलाच्या बाई खूश होतील.

मुक्काम दुसरा, काझीपेट. जवळच हनमकोंड्याचं हजार खांबी मंदिर आणि वरंगळचा काकतीय राजांचा किल्ला. वेळ असेल तर पालमपेटचं रामप्पा मंदिर पाहा. २०२१ साली ‘युनेस्को’नं त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मुक्काम तिसरा, सिकंदराबाद म्हणजेच हैदराबाद. चारमिनार १५९१ सालचा. गोवळकोंड्याच्या दारात टाळी वाजवली की वर गडावर ऐकू येते, हे स्वतः करून बघा. एकानं खाली थांबायचं, एकानं वर जायचं. सालारजंग वस्तुसंग्रहालयातलं घड्याळ दर तासाला पाहण्यासारखं असतं. आतून एक छोटासा माणूस येतो आणि टोल देऊन जातो!

मुक्काम चौथा, बासर. गोदावरीच्या काठावर सरस्वतीचं देऊळ आहे. पाटीपूजन करून अक्षरं गिरवायला लहान मुलांना तिथे आणतात.

मुक्काम पाचवा, नांदेड. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली इथे निवर्तले. तिथला सचखंड गुरुद्वारा म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. लंगरमध्ये सगळ्यांबरोबर जमिनीवर पंगतीत बसून जेवायचं. तिथे कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही.

मुक्काम सहावा, हिंगोली. इथून औंढा नागनाथ जवळ आणि संत नामदेवांचं नरसीही जवळ. हिंगोली-वाशीम वाटेवर पैनगंगा ओलांडायची. मग वाशीम, म्हणजे वाकाटक राजांची जुनी राजधानी वत्सगुल्म. पुढे अकोला आणि घर.

आता एक कोडं. वाटेत पूर्णा नावाचं जंक्शन लागलं, ते पूर्णा नदीवरून. अकोल्याकडे आलो तर तिथेही पूर्णा नदी! एकच नदी आहे का ही? नाही. पहिली पूर्णा गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी पूर्वेच्या बंगालच्या उपसागरात जातं. दुसरी तापीला मिळते आणि तिचं पाणी पश्चिमेला अरबी समुद्रात. म्हणजे आपली गाडी त्या दोघींच्या मधला उंचवटा चढून आलेली असते. गाडीत बसून तो जाणवत नाही. तुमच्या उंचीच्या आलेखात मात्र दिसेल.

वणीकडच्या मुलांसाठी याहून छोटं कडंही आहे. वणीला तर स्वतःचं स्टेशन आहे. वणी, पिंपळखुटी, आदिलाबाद, किनवट, मुदखेड, नांदेड असा तो मार्ग. नांदेडहून पूर्णा, अकोला, वर्धा, माजरी करत परत वणी. हैदराबाद चुकतं, पण किनवटकडचं जंगल खिडकीतूनच बघायला मिळतं.

दुसरी फेरी: मोठी

सुट्टी मोठी असेल तर ही फेरी पाहा. धामणगाव, नागपूर, इटारसी, भोपाळ, झांशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, जयपूर, सवाई माधोपूर, कोटा, रतलाम, वडोदरा, सुरत, नंदुरबार, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, धामणगाव. सगळं मिळून सुमारे ३००० किलोमीटर.

दिवस किती? ३००० भागिले ४०० म्हणजे साडेसात, धरा ८. ३००० भागिले २०० म्हणजे १५. एकूण २३ दिवस. सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही.

आठ मुक्काम असे निवडता येतील. भोपाळला उतरून सांचीचा स्तूप. झांशीला राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला. ग्वाल्हेरला शिंद्यांचा राजवाडा आणि लक्ष्मीबाईंची समाधी. १८५८ साली त्या लढता लढता पडल्या त्या ग्वाल्हेरला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आग्र्याला ताजमहाल तर आहेच, पण आपल्याला किल्लाही पाहायचाय. शिवाजीमहाराज १६६६ साली औरंगजेबाच्या दरबारात गेले ते याच शहरात, आणि निसटले तेही इथूनच.

दिल्लीत लाल किल्ला, कुतुबमिनार, आणि रेल्वेवेड्यांसाठी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. १९७७ पासून ते उघडं आहे. जयपूरला जंतरमंतरमधलं प्रचंड सूर्यघड्याळ. आपलं मनगटी घड्याळ त्याच्याशी लावून बघा. वडोदऱ्याला गायकवाडांचा लक्ष्मीविलास राजवाडा. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. शाळेत जायचा कंटाळा येणाऱ्यांनी तिथे मान खाली घालावी! शेवटचा मुक्काम सुरत.

लक्षात आलं का? झांशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, वडोदरा, सुरत. इतिहासाच्या पुस्तकातले अर्धे धडे या एका फेरीत येतात. आणि सुरतेहून परतताना गाडी तापीच्या खोऱ्यातून वर वर येते. सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या त्या पाण्यात आपल्या अकोल्याच्या पूर्णेचं पाणीही असतं.

तिकीट काढायचं कसं?

हे तिकीट मोबाइलवर बटण दाबून मिळत नाही. त्यासाठी स्टेशनवर जावं लागतं. पायऱ्या अशा:

१. कोऱ्या कागदावर फेरी लिहा. निघायचं स्टेशन, वाट, उतरायची गावं क्रमानं, शेवटी पुन्हा निघायचं स्टेशन. ज्या रुळावरून गेलो त्याच रुळावरून शक्यतो परत यायचं नाही.

२. हा कागद घेऊन आईबाबांबरोबर स्टेशनवर जा. धामणगाव, वर्धा, वणी ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांचं कार्यालय किंवा मोठ्या स्टेशनवरचे अधिकारी अंतर मोजून भाडं काढतात आणि तसा कागद तयार करून देतात. काही ठरलेल्या फेऱ्या रेल्वेनं स्वतःही आखून ठेवलेल्या असतात.

३. तो कागद दाखवून तिकीट खिडकीवर चक्राकार तिकीट घ्या.

४. मग आरक्षणाच्या खिडकीवर प्रत्येक टप्प्याची जागा राखून घ्या. हे विसरलात तर तिकीट हातात आणि बसायला जागा नाही, अशी पंचाईत!

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना वेगळी झोपायची जागा नको असेल तर अर्धं भाडं. जागा हवी तर मोठ्यांइतकंच पूर्ण.

सांभाळा, इथे सगळे फसतात!

मध्यरात्रीचं गणित. वेळापत्रकात घड्याळ २४ तासांचं असतं. समजा गाडी ५ तारखेला ००.२० वाजता आहे. म्हणजे ४ तारखेला रात्री जेवून स्टेशनवर जायचं! ५ तारखेच्या रात्री गेलात तर गाडी गेलेली असेल, एक दिवस आधीच.

साठ दिवसांचं गणित. सध्याच्या नियमानं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. फेरी १६ दिवसांची असेल, तर पहिल्या गाडीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी शेवटच्या गाडीचं उघडलेलं नसतं. ते १५ दिवसांनी उघडेल. वहीत प्रत्येक टप्प्यापुढे आरक्षणाची तारीख लिहून ठेवा.

गाडी बदलण्याचं गणित. गाड्या उशिरा येतात. एक गाडी दहाला पोचते आणि दुसरी साडेदहाला सुटते, असं कधीच आखू नका. मध्ये निदान काही तास ठेवा, नाहीतर सरळ मुक्कामच करा.

नावांचं गणित. स्टेशनांची नावं बदलतात. भोपाळजवळचं हबीबगंज २०२१ पासून राणी कमलापती झालं. झांशी आता वीरांगना लक्ष्मीबाई झांशी. जुन्या पुस्तकातलं नाव शोधत बसलात तर सापडणार नाही.

आकड्यांचं गणित. गाडीचा नंबर पाच आकडी असतो. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर ती लांब पल्ल्याची गाडी. ० असेल तर खास, तात्पुरती सोडलेली. ५ असेल तर पॅसेंजर.

थोडं आईबाबांशी

पालकहो, सहल म्हटली की आपण तयार सहलीची जाहिरात बघतो, माणशी आकडा वाचतो आणि बहुतेक वेळा कागद घडी करून ठेवून देतो. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी तर तो कागद उघडायचीही इच्छा होत नाही. चक्राकार तिकीट हा त्यावरचा एक साधा उपाय आहे. रात्रीची गाडी धरली तर एका मुक्कामाचं भाडंही वाचतं. मोठ्या स्टेशनांवर विश्रांतिकक्ष असतात आणि सामान ठेवायची सोय असते. सामानाला कुलूप मात्र हवं.

कापूस उत्पादकाच्या घरची अडचण निराळी. दिवाळीच्या सुट्टीत वेचणी ऐन भरात असते. घर सोडता येत नाही. मेमध्ये हात मोकळे असतात, पण ऊन भाजून काढतं. अशा घरांनी पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. बाबा नाही येऊ शकले तर आईनं, मामानं किंवा आत्यानं मुलांना घेऊन छोटी फेरी करावी. उन्हाळ्यातच जायचं तर दुपारी मुक्कामी राहावं, सकाळ-संध्याकाळ हिंडावं.

आणि एक विनंती. आखणी मुलांना करू द्या. पैसे तुमचे, परवानगी तुमची, पण नकाशा, वेळापत्रक आणि हिशोबाची वही त्यांच्या हातात द्या. चुकलं तर खिडकीवर जाण्याआधी तुम्ही तपासालच. ज्या मुलीनं घरातल्या चार माणसांची सहा गावांची फेरी आखली, तिला पुढे कॉलेजसाठी एकटीनं नागपूरला किंवा पुण्याला जायची भीती वाटणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना शिकायला बहुधा दूरच जावं लागतं. त्याची तयारी अशी हसतखेळत होते.

प्रवासात अडचण आली तर रेल्वेचा मदत क्रमांक १३९. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८. हे दोन्ही मुलांकडून पाठ करून घ्या. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

आता तुमची पाळी

मित्रांनो, जाता जाता आनंदाची बातमी. वर्धा-यवतमाळ-नांदेड असा नवा मोठा रेल्वेमार्ग होतो आहे, सुमारे २८४ किलोमीटरचा. त्यातल्या वर्धा ते कळंब या पहिल्या तुकड्याचं उद्‌घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. आपलं चिंतामणी गणपतीचं कळंब! तिथवर मोठी गाडी पोचली. पुढचं काम चालू आहे. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद हे सगळे त्या वाटेवर आहेत.

मघाशी काढलेलं कडं पुन्हा समोर घ्या. वरून वर्ध्यापासून खाली नांदेडपर्यंत, मधोमध, एक तुटक रेघ मारा. हा नवा मार्ग. आता सांगा, एका कड्याची किती कडी झाली? उजवीकडचं एक, डावीकडचं एक आणि बाहेरचं जुनं मोठं एक. म्हणजे तीन! ज्या दिवशी ती तुटक रेघ अखंड होईल, त्या दिवशी यवतमाळच्या फलाटावरून निघून यवतमाळच्याच फलाटावर परत येता येईल. शकुंतलेला जे जमलं नाही ते या गाडीला जमेल.

तोवर थांबायचं कशाला? या रविवारी एक वही घ्या. पहिल्या पानावर नकाशा काढा. दुसऱ्या पानावर आठ गावं लिहा आणि प्रत्येक गावापुढे, तिथे काय बघायचं ती एकच गोष्ट. तिसऱ्या पानावर अंतर आणि दिवसांचा भागाकार. चौथ्या पानावर गाड्या, वेळा आणि आरक्षणाच्या तारखा. पाचवं पान कोरं ठेवा. ते खर्चासाठी, आईबाबांबरोबर बसून भरायचं.

वही तयार झाली की सगळ्यांचं जेवण झाल्यावर, घरात निवांत असताना, हळूच त्यांच्यासमोर ठेवा. बघा काय होतं ते!